मागाच्या आधीची लोकर

जुन्या काळच्या खेड्यासारखी उभारलेली खुली संग्रहालयं युरोपात जागोजागी आहेत. कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर, चुलीचा धूर, आणि एका घरात भिंतीला टेकवून ठेवलेला माग. गर्दी हमखास त्या मागाभोवती जमते. विणणारी बाई काठी पुढे ओढते, उभ्या धाग्यांमधून बाणा (आडवा धागा) घालते, तो ठोकून बसवते. पाहणारे दोन मिनिटं थांबतात, फोटो काढतात आणि पुढच्या झोपडीकडे वळतात. कापड कसं तयार होतं ते पाहिलं, असं त्यांना वाटतं. खरं तर त्यांनी कामाचा शेवटाकडचा आणि त्यामानाने थोड्या वेळाचा टप्पा पाहिलेला असतो. मेंढीच्या अंगावरची लोकर मागापर्यंत पोहोचायला जे श्रम लागतात, त्यांपुढे विणकाम हा जवळजवळ विसावाच म्हणायचा.

हे आज आपण ठामपणे सांगू शकतो, कारण काही लोकांनी ते सगळं काम पुन्हा करून पाहिलं. आर्टुर हाझेलियस यांनी 1891 मध्ये स्टॉकहोमला ‘स्कान्सेन’ हे खुलं संग्रहालय सुरू केलं. जुनी घरं उचलून आणून त्यांत जुनी कामं चालू ठेवायची, ही कल्पना तिथून पसरली. डेन्मार्कमध्ये लेइर इथे हान्स-ओले हान्सेन यांनी 1964 मध्ये प्रयोगकेंद्र उभारलं, तेव्हा या कल्पनेला एक वेगळं वळण मिळालं. तिथे दाखवण्याइतकंच महत्त्व मोजण्याला होतं. उत्खननात सापडलेल्या अवजाराची प्रतिकृती करायची, तिने काम करायचं, आणि किती वेळ लागला, किती माल वाया गेला, अवजार कुठे झिजलं हे टिपून ठेवायचं. प्रायोगिक पुरातत्त्व या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या शाखेत वस्त्रांच्या अभ्यासाने मोठी भर घातली. कोपनहेगन विद्यापीठात 2005 मध्ये वस्त्रसंशोधनाचं खास केंद्रच सुरू झालं.

या प्रकरणात वायकिंग काळातल्या, म्हणजे साधारण इ. स. 800 ते 1050 मधल्या, उत्तर युरोपातली लोकर मेंढीपासून कापडापर्यंत कशी जात होती ते पाहू. प्रात्यक्षिक करणाऱ्याला हा सगळा रस्ता चालावा लागतो, आणि तो चालताना इतिहासातले काही हिशेब उलटेपालटे होतात.

मेंढी कोणती?

पहिली अडचण इथेच येते. आज बाजारात सहज मिळते ती मेरिनोसारख्या जातींची लोकर: मऊ, पांढरी, एकसारखी. शतकानुशतकं निवड करत करत माणसाने घडवलेली ही लोकर आहे. वायकिंग काळातल्या मेंढ्या लहान चणीच्या आणि काटक होत्या. त्यांच्या रंगांत काळा, तपकिरी, करडा, पांढरा असे सगळे असत. त्यांच्या जवळच्या जाती आजही टिकून आहेत: नॉर्वेची जुनी आखूड शेपटीची मेंढी, आइसलंडची मेंढी, शेटलंड बेटांवरची मेंढी, स्वीडनमधल्या गोटलंडची गूटे मेंढी.

यांतल्या अनेक मेंढ्यांच्या अंगावर लोकरीचे दोन थर असतात. बाहेरचे केस लांब, राठ, चमकदार. पावसाचं पाणी त्यांवरून निथळून जातं. आतली लोकर आखूड, बारीक, मऊ. ती ऊब धरून ठेवते. एकाच मेंढीकडून दोन वेगळ्या स्वभावांचा माल मिळतो. बाहेरच्या लांब केसांचा ताणा (उभा धागा) मजबूत होतो, आतल्या लोकरीचा बाणा फुगीर आणि उबदार होतो. एकजिनसी आधुनिक लोकर घेऊन बसलेल्या प्रात्यक्षिककाराला ही सोय मिळतच नाही. त्याचं सूत चांगलं निघतं, पण कापड त्या काळासारखं वागत नाही.

दुसरा फरक लोकर काढण्याचा. या जुन्या जातींची लोकर उन्हाळ्याच्या सुरुवातीला आपोआप सैल होते. नवी लोकर खालून यायला लागते आणि जुनी तिच्यापासून सुटते. अशा वेळी मेंढीला धरून बसायचं आणि मूठमूठ लोकर हाताने ओढून काढायची. शेटलंडमध्ये ही पद्धत अगदी विसाव्या शतकातही चालू होती. ओढून काढलेल्या तंतूची टोकं कापलेली नसतात आणि नव्याने येणारी आखूड लोकर मेंढीच्या अंगावरच राहते, त्यामुळे गठ्ठ्यात तुकडे कमी येतात. मात्र ही वेळ साधावी लागते. आठवडाभर आधी गेलं तर लोकर सुटत नाही, उशिरा गेलं तर अर्धी कुंपणाला आणि काटेरी झुडपांना लागलेली असते. लोखंडी स्प्रिंगची कातर युरोपात लोहयुगातच आली होती. ती आल्यावर कातरणी माणसाच्या सोयीच्या दिवशी करता येऊ लागली.

गठ्ठा उलगडला की

कच्च्या लोकरीचा गठ्ठा जमिनीवर पसरला की आधी वास येतो, मग हाताला चिकटपणा लागतो. या चिकटपणात दोन गोष्टी असतात. एक मेंढीच्या कातडीतून पाझरणारं मेण, म्हणजे लॅनोलिन. दुसरी वाळलेला घाम, ज्यात पोटॅशियमचे क्षार असतात. शिवाय माती, गवताच्या काड्या, काटे आणि शेपटीकडच्या बाजूला लेंड्या. जातीनुसार आणि चरण्याच्या जागेनुसार कमीजास्त होतं, पण धुतल्यावर वजनाचा तिसरा हिस्सा, कधी निम्मं वजनही उतरतं. किलोचा भाव ठरवताना हा खेळ सगळ्या काळांतल्या लोकर-व्यापाऱ्यांना ठाऊक होता.

धुण्याआधी निवड. खांद्यावरची लोकर सर्वांत बारीक आणि चांगली, कुशीची मध्यम, मांड्यांवरची जाड आणि राठ, पोटाची आखूड आणि गुंतलेली. पाठीवरची लोकर उन्हापावसाने टोकांशी पिचलेली असते. जाणती बाई लोकरीची बट दोन्ही टोकांना धरून कानाजवळ नेते आणि झटका देते. टणत्कारासारखा आवाज आला तर लोकर धडधाकट. फाटल्यासारखी चरचर ऐकू आली तर मेंढी त्या वर्षी आजारी किंवा उपाशी राहिलेली असणार. उपासमारीच्या दिवसांत वाढलेला तंतूचा भाग बारीक राहतो आणि पुढे ताण आला की तिथेच तुटतो. अशी लोकर ताण्याला घेतली तर मागावर रोज धागे जोडत बसावं लागतं, म्हणून ती बाण्याकडे किंवा गादी भरायला जाते.

मग धुणं. घामातले क्षार साध्या पाण्यातच विरघळतात, आणि ते विरघळलेलं पाणी स्वतःच थोडंफार साबणाचं काम करतं. त्याहून जास्त मेण काढायचं तर शिळं मूत्र वापरत. साठवलेल्या मूत्रात अमोनिया तयार होतो, तो मेणाला सोडवतो. संग्रहालयातला प्रात्यक्षिककार हे सांगतो तेव्हा पोरं नाक मुरडतात आणि नेमकं तेवढंच घरी जाऊन सांगतात.

कोमट पाण्यात लोकर ढवळायची मात्र सोय नाही. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओलावा आणि घासणं एकत्र आलं की हे खवले एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा नमदा होतो. एकदा झाला की तो सुटत नाही. म्हणून लोकर पाण्यात दाबून ठेवायची, न हलवता काढायची, आणि गरम पाण्यातून एकदम थंड पाण्यात टाकायची नाही. सगळं मेण काढायचंही नसतं. थोडं मेण राहिलं तर तंतू बोटांतून नीट सरकतात आणि कापड पाऊस झेलतं. बाहेर घालायच्या अंगरख्यासाठी किंवा शिडासाठी लोकर पुष्कळदा मेणासकटच कातली जाई.

फण्या

उत्तर युरोपातल्या, विशेषतः नॉर्वेतल्या, बायकांच्या थडग्यांत लांब लोखंडी दातांच्या फण्या सापडतात. जोडीने वापरायचं हे अवजार. एका फणीच्या दातांवर लोकर अडकवायची, दुसरी तिच्यातून काटकोनात ओढायची. हळूहळू लोकर दुसरीवर जाते. मग परत पहिलीवर. प्रत्येक फेरीला तंतू एकमेकांना समांतर होत जातात, काड्या आणि काटे गळून पडतात, आखूड केस दातांच्या मुळाशी अडकून राहतात. शेवटी लांब तंतू बोटांनी हळूच ओढत एक लांबलचक, चमकदार पेळू काढायचा. दातांत राहिलेली आखूड लोकर वेगळी ठेवायची, तिचं बाण्याचं सूत होतं.

लॅनोलिन साधारण 40 अंशांच्या आसपास वितळतं. म्हणून थंडीच्या दिवसांत फण्या चुलीशी धरून कोमट केल्या की काम एकदम सोपं होतं. थंड फणीला लोकर चिकटते आणि तुटते. कुठल्याही थडग्यातून कळणार नाही अशी ही गोष्ट आहे. ती कळायला फणी हातात घेऊन हिवाळ्यात बसावं लागतं.

प्रात्यक्षिकात इथेच एक ठरलेली चूक दिसते. बऱ्याच ठिकाणी वायकिंग वेशातली व्यक्ती बारीक तारांच्या चौकोनी हातपाट्यांनी लोकर पिंजताना दिसते. या पाट्या युरोपात मध्ययुगाच्या उत्तरार्धात आल्या. चरखाही तसाच उशिराचा. तो तेराव्या शतकात तिथे पोहोचला आणि सुरुवातीला त्याच्या सुतावर कुणाचा भरवसा नव्हता. जर्मनीतल्या श्पायर शहराच्या 1280 च्या सुमाराच्या नियमांत चरख्याचं सूत बाण्याला चालेल, ताण्याला चालणार नाही, असं बजावलेलं आहे. दोन सुयांचं विणकामही वायकिंगांना माहीत नव्हतं. त्यांचे मोजे आणि हातमोजे एकाच जाड सुईने, धाग्याचा फास फासात ओवत केले जात. यॉर्कच्या कॉपरगेट भागात 1976 ते 1981 दरम्यान झालेल्या उत्खननात असा एक मोजा जवळजवळ अख्खा सापडला.

टकळीची चकती

सूत कातायचं साधन म्हणजे एक काडी आणि तिच्या टोकाशी बसवलेली चकती. चकती मातीची, दगडाची, हाडाची, शिशाची, क्वचित अंबरचीसुद्धा. काडी लाकडाची असल्याने कुजून जाते, चकत्या मात्र उत्खननात ढिगाने मिळतात. त्यामुळे फार काळ त्यांच्याकडे किरकोळ वस्तू म्हणून पाहिलं गेलं. स्वीडिश पुरातत्त्वज्ञ एवा अँडरसन स्ट्रँड यांनी बिर्का आणि हेडेबी या वायकिंग व्यापारी गावांतल्या चकत्या तोलून पाहिल्या आणि त्यांच्या प्रतिकृतींवर अनुभवी कातणाऱ्यांकडून सूत काढून घेतलं. चकतीचं वजन बदललं की सूत बदलतं, हे त्यातून आकड्यांनिशी समोर आलं. आठ-दहा ग्रॅमच्या हलक्या चकतीवर बारीक सूत निघतं. तीस ग्रॅमच्या वरची चकती तेच सूत तोडून टाकते, तिला जाड धागा लागतो. म्हणजे एखाद्या घरात सापडलेल्या चकत्या पाहून तिथे कुठल्या प्रतीचं कापड होत होतं, याचा अंदाज बांधता येतो.

वेगही मोजला गेला. सरावलेल्या हाताने टकळीवर तासाला साधारण 35 ते 50 मीटर सूत निघतं. हा आकडा पुढच्या हिशेबासाठी लक्षात ठेवावा.

पिळाची दिशाही महत्त्वाची. वायकिंग काळातल्या पुष्कळ कापडांत ताणा एका दिशेने आणि बाणा उलट दिशेने पिळलेला दिसतो. अशा कापडाच्या पृष्ठभागावरचे तंतू एकाच बाजूला झुकतात आणि कापड नंतर दाट करणं सोपं जातं. कातणारी बाई टकळी कुठल्या बाजूला फिरवते, हे मागावर बसण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं.

वजनांचा माग

आता मागाकडे. तो जमिनीवर आडवा नसतो. दोन खांब भिंतीला तिरपे टेकवलेले, वर आडवी तुळई, तिच्यावरून खाली सोडलेले ताण्याचे धागे. धागे ताठ राहावेत म्हणून त्यांच्या खालच्या टोकांना माती किंवा दगडाची वजनं बांधतात. कापड वरून खाली तयार होतं आणि बाणा खालून वर ठोकावा लागतो. ठोकायला तलवारीच्या आकाराची पट्टी असते. नॉर्वेत ती लोखंडाची किंवा व्हेलच्या हाडाचीही सापडते. विणणारी उभी राहते आणि मागाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूला सतत फिरते.

ताणा तुळईवर नुसता गुंडाळत नाहीत. आधी एक अरुंद पट्टी विणायची. ती विणताना तिचा बाणा एका बाजूला लांबच लांब बाहेर काढत जायचं. पट्टी तुळईला शिवली की ते बाहेर काढलेले धागे ताणा म्हणून खाली लोंबतात. जुन्या कापडाच्या तुकड्याला अशी किनार दिसली की ते वजनांच्या मागावर विणलेलं असल्याचं ओळखता येतं. पट्ट्या विणण्याची कला किती पुढे गेली होती हे ओसेबर्गच्या जहाजाने दाखवलं. 834 मध्ये दोन स्त्रियांसह पुरलेलं हे जहाज 1904 मध्ये उकरलं गेलं, तेव्हा त्यात छिद्रं पाडलेल्या 52 पातळ चौकोनी तुकड्यांचा संच सापडला. त्यांतून ओवलेले धागे जागच्या जागी होते. पट्टी अर्धवट विणलेली होती.

मातीची वजनं संग्रहालयांच्या कपाटांत हजारोंनी पडून आहेत. ती नुसती जड असून भागत नाही, त्यांची जाडीही बरोबर लागते. एक साधं गणित करून पाहू. एक मीटर रुंदीचं कापड, सेंटीमीटरला दहा धागे, म्हणजे ताण्याचे हजार धागे. साध्या विणीत ते पुढे-मागे दोन ओळींत विभागले जातात: प्रत्येकी पाचशे. प्रत्येक धाग्याला 20 ग्रॅम ताण हवा असेल, तर एका ओळीला दहा किलो. वजन 400 ग्रॅमचं असेल तर त्याला वीस धागे बांधायचे, आणि एका ओळीला पंचवीस वजनं लागणार. आता ही पंचवीस वजनं शेजारी शेजारी एक मीटरच्या रुंदीत बसली पाहिजेत, म्हणजे प्रत्येकाची जाडी चार सेंटीमीटर. सहा सेंटीमीटर जाडीची घेतली तर ओळ दीड मीटर पसरते, धागे खाली फाकतात, आणि विणताना कापडाची रुंदी हाताबाहेर जाते. कोपनहेगनच्या केंद्राने अशाच पद्धतीने उत्खननातल्या वजनांवरून उलटा हिशेब मांडला: वजन आणि जाडी कळली की त्यावर कुठलं कापड विणता येईल ते सांगता येतं. कापड कुजून नाहीसं झालं तरी त्याची प्रत मातीच्या वजनांत नोंदलेली राहते.

पायाने चालवायचा आडवा माग युरोपात अकराव्या शतकाच्या आसपास आला. त्यावर काम भराभर होई, म्हणून शहरांतून वजनांचा माग हटत गेला. आइसलंडमध्ये तो अठराव्या शतकापर्यंत टिकला. तिथल्या ‘वाडमाल’ नावाच्या लोकरी कापडाला मध्ययुगात चलनाचं स्थान होतं, आणि किती लांबीरुंदीच्या कापडाला किती चांदीचं मोल, हे कायद्याने ठरलेलं होतं. आइसलंडच्या ‘न्याल सागा’मध्ये युद्धाचं भवितव्य विणणाऱ्या देवतांचं एक भयंकर काव्य आहे. त्यात माग हाच, फक्त वजनांच्या जागी माणसांची मुंडकी. ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरात तो माग असल्याशिवाय अशी प्रतिमा अंगावर येत नाही.

रंग आणि तुडवणी

विणलेलं कापड मागावरून उतरलं तरी ते जाळीदार आणि सैल असतं. ते ओलं करून तुडवायचं, आपटायचं, घासायचं. धुताना जो नमदा टाळला, तोच आता मोजूनमापून घडवायचा. कापड आक्रसतं, दाट होतं, वारा अडवतं. स्कॉटलंडच्या हेब्रिडीस बेटांवर हे काम बायका टेबलाभोवती बसून गाणी म्हणत करत, आणि ती गाणी जात्यावरच्या ओव्यांसारखी कामाच्या तालावर रचलेली आहेत.

रंग पुष्कळदा सुतालाच देत. यॉर्कच्या उत्खननात लाल रंगासाठीची मंजिष्ठावर्गीय मुळं, निळ्यासाठी वोड, पिवळ्यासाठी एक झुडूप आणि रंग पक्का करायला वापरलं जाणारं शेवाळासारखं रोपटं, असं सगळं सामान मिळालं. वोडच्या पानांतलं रंगद्रव्य आपल्या निळीतलंच. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून आंबवलेल्या द्रावणात त्याचं रूप बदलावं लागतं. द्रावणातून सूत बाहेर काढलं की ते पिवळसर हिरवं दिसतं. हवा लागताच पाहता पाहता निळं होतं. प्रात्यक्षिकात लोकांना खिळवून ठेवणारा मागानंतरचा दुसरा क्षण हाच.

शिडाचा हिशेब

डेन्मार्कच्या रोस्किल्ड फियोर्डच्या तळाशी वायकिंगांनी वाट अडवायला बुडवलेली पाच जहाजं 1962 मध्ये वर काढण्यात आली. त्यांच्यासाठी 1969 मध्ये वायकिंग जहाज संग्रहालय उघडलं, आणि तिथे जहाजांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती बांधल्या गेल्या. त्यांतली ‘ओटार’ ही पश्चिम नॉर्वेत 1030 च्या सुमाराला बांधलेल्या मालवाहू जहाजाची प्रतिकृती. तिला सुमारे 90 चौरस मीटरचं लोकरी शीड आहे. लोकरीचं शीड ही कल्पना आधी विचित्र वाटली, तरी पुरावा होता. उत्तर नॉर्वेतल्या ट्रोंडेनेस इथल्या मध्ययुगीन चर्चच्या छतात कोंबलेले लोकरी कापडाचे तुकडे जुन्या शिडाचे निघाले. प्रतिकृती करताना लांब केसांचा ताणा, मऊ लोकरीचा बाणा, वर चरबी, गेरूची माती आणि डांबराचा लेप, अशी पद्धत वापरली गेली. लेप दिला नाही तर वारा कापडातून निघून जातो.

आता आपण हिशेब करू. सेंटीमीटरला ताण्याचे नऊ आणि बाण्याचे सहा धागे धरले, तर एका चौरस मीटरला 1500 मीटर सूत लागतं. 90 चौरस मीटरला 1,35,000 मीटर, म्हणजे 135 किलोमीटर. तासाला 45 मीटर या वेगाने तीन हजार तास. रोज आठ तास टकळी फिरवली तर एका बाईचं वर्षाहून जास्त काम, आणि हे फक्त कातणं. त्यात मेंढ्यांची लोकर ओढणं, निवडणं, विंचरणं, विणणं, तुडवणं, शिवणं, लेप देणं काहीच धरलेलं नाही. अशा एका मेंढीची लोकर दीड-दोन किलोच्या पुढे क्वचितच जाते, तीही मेणमातीसह. मोठ्या शिडामागे शंभरभर मेंढ्यांचा कळप उभा असतो.

जहाजाच्या लाकडी सांगाड्याइतकाच, कधी त्याहून जास्त वेळ शिडाला लागत असावा, असा अंदाज अभ्यासक आता मांडतात. वायकिंगांच्या समुद्रप्रवासाची कथा दीर्घकाळ ओक, कुऱ्हाड आणि सुतार यांच्याभोवती फिरत होती, कारण लाकूड आणि लोखंड टिकलं होतं. ताफा पाण्यात उतरायच्या आधी कित्येक घरांतल्या बायकांनी कित्येक हिवाळे सूत कातलेलं असणार, ही गोष्ट तेव्हाच दिसली जेव्हा कुणीतरी टकळी घेऊन तासांचा हिशेब मांडला.

प्रात्यक्षिकावर किती विसंबावं?

अशा प्रयोगांनी ‘हे असंच होत होतं’ सिद्ध होत नाही. ‘हे असं होऊ शकतं, आणि त्याला इतका वेळ लागतो’ एवढंच सिद्ध होतं. आजची कातणारी कितीही तयार असली, तरी पाच-सहा वर्षांची असल्यापासून रोज टकळी हातात घेतलेल्या बाईचा हात तिच्याकडे नसतो. म्हणून वेगाचे आकडे थोडे सैल धरावेत.

यावर उत्तम उतारा म्हणजे परंपरेने काम करणारी माणसं गाठणं. नॉर्वेच्या मार्टा होफमान यांनी हेच केलं. वजनांचा माग केव्हाच संपला असं मानलं जात असताना, पश्चिम नॉर्वेत आणि उत्तरेच्या समुद्रकाठच्या सामी लोकांत तो अजून चालू असल्याचं त्यांनी 1950 च्या दशकात प्रत्यक्ष पाहिलं. सामी बायका त्यावर जाड लोकरी पांघरुणं विणत आणि वजनं म्हणून दगड बांधत. होफमान यांचं ‘द वॉर्प-वेटेड लूम’ हे पुस्तक 1964 मध्ये आलं, लेइरचं केंद्र सुरू झालं त्याच वर्षी. मागाचे कितीतरी प्रश्न पुरातत्त्वज्ञांना सुटत नव्हते. त्या बायकांनी ते रोजच्या कामात सोडवून ठेवलेले होते.

इथे दख्खनचा संबंध येतो. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यात दख्खनी मेंढीच्या काळ्या, राठ लोकरीची घोंगडी आजही हाताने होते. कातरणीआधी मेंढ्या ओढ्यात धुतात, म्हणजे लोकर मेंढीच्या अंगावरच साफ होते. युरोपातही ही रीत होती. बायका लोकर पिंजतात, कातून सूत काढतात. मग ताणा उघड्यावर लांब ताणून त्याला चिंचोक्याची खळ देतात, म्हणजे राठ केस दबतात आणि धागा मागावर तुटत नाही. मग खड्ड्याच्या मागावर सनगर किंवा धनगर विणकर बसतो. वजनांचा माग इथे नाही, पण लोकरीचे प्रश्न तेच आहेत: कुठली लोकर ताण्याला, कुठली बाण्याला, किती पीळ, किती मेण ठेवायचं. कोकराच्या पहिल्या कातरणीची, जावळाची लोकर वेगळी ठेवण्यामागचा विचार आणि शेटलंडमध्ये खांद्यावरची लोकर वेगळी काढण्यामागचा विचार एकच आहे.

दख्खनमध्ये मात्र मटणासाठी मेंढ्यांचे संकर झाले, लोकरीचा भाव पडला, आणि अनेक कळपांची लोकर कातरणीनंतर टाकून दिली जाऊ लागली. डेन्मार्कला चकत्या आणि वजनांवरून उलटा हिशेब मांडावा लागला. इथे कातणारी बाई समोर बसलेली आहे. तिच्या टकळीची किंवा चरख्याची लय, तासाला निघणारं सूत, एका घोंगडीला लागणारी कच्ची लोकर, खळीचं प्रमाण, हे सगळं ग्रॅम, मीटर आणि तासांत नोंदवणं फार खर्चाचं काम नाही. हस्तकला प्रदर्शनात विणकराच्या शेजारी न धुतलेल्या लोकरीचं पोतं ठेवलं आणि कातणारीलाही मानाने बसवलं, तर पाहणाऱ्याला कापडाचा खरा क्रम कळेल. त्याचा पैशाशीही थेट संबंध आहे. विणायला लागलेले दोन-चार दिवस धरून घोंगडीचा भाव ठरला, तर बाकीच्या सगळ्या दिवसांची मजुरी, आणि ते दिवस बहुधा बायकांचेच असतात, हिशेबात येतच नाही.